गृहकलह, पोलीस आणि आपला समाज

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिष्यवृत्ती, वसतिगृह, वधूवर-सूचक मंडळ, विवाहातील उधळपट्टी अशा विषयांवर विचार मांडले जातात, आणि ते योग्यच आहे. यंदा व्याख्यानाची कामगिरी आमच्याकडे सोपविताना चिटणीसमहाशयांनी विषय निवडण्याची पूर्ण मुभा दिली. आम्ही निवडलेला विषय संमेलनाच्या प्रसन्न वातावरणात काहींना रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्या गोष्टीची चर्चा आपण माजघरात दबक्या आवाजात करतो, ती सभामंडपात एकदा तरी मोकळेपणाने मांडली गेली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या विषयाकडे आम्हांस वळविले ते दोन पत्रांनी. दोन्ही पत्रे मंडळाकडे एकाच महिन्यात आली. पहिले पत्र एका सुखवस्तू गृहस्थांचे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात नोकरीस आहेत. एके रात्री पतिपत्नीत भांडण झाले, आवाज चढला, शेजाऱ्याने पोलिसांना दूरध्वनी केला. पोलीस आले, सूनबाईंच्या गालावरचा वळ त्यांनी पाहिला आणि चिरंजिवांना बेड्या घालून नेले. "माझी तक्रार नाही, यांना नेऊ नका," असे सूनबाई स्वतः विनवीत असताना नेले. हा नागरिकाच्या हक्कांवर उघड घाला असून पोलिसांवर दावा लावण्यासाठी मंडळाने वकील सुचवावा, अशी त्या गृहस्थांची मागणी होती.

दुसरे पत्र आपल्याच एका विधवा माउलीचे होते. तिची लेक तालुक्याच्या गावी दिलेली. जावई मारतो. माउली लेकीला घेऊन तीन वेळा पोलीस ठाण्यात गेली आणि तिन्ही वेळा तिला एकच उत्तर मिळाले : नवराबायकोचे भांडण आहे, घरी जाऊन मिटवा. तिने विचारले होते, "आता दाद कोणाकडे मागायची?"

एकाची तक्रार पोलिसांनी अटक केली म्हणून, दुसरीची पोलिसांनी हात हलविला नाही म्हणून. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन्ही पत्रे वाचली गेली तेव्हा पहिल्याविषयी अर्धा तास चर्चा झाली. दुसरे 'पुढील बैठकीत विचारार्थ' ठेवले गेले. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मौनाची भरपाई समजावी.

पहिल्या पत्रातील प्रश्न अमेरिकेचा आहे, म्हणून आरंभ तिकडूनच करू. पोलिसांवर नागरी हक्कांचा दावा लावण्याची त्या देशातील वाट बरीच जुनी आहे. यादवी युद्धानंतर १८६८ साली त्यांच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली आणि कायद्याचे समान संरक्षण प्रत्येकास मिळावे असा दंडक घातला गेला. परंतु दक्षिणेकडील राज्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅन ही टोळी अत्याचार करी आणि स्थानिक अधिकारी डोळे मिटून बसत. म्हणून १८७१ साली असा कायदा करण्यात आला की, सरकारी अधिकाराच्या आवरणाखाली कोणी नागरिकाचा घटनादत्त हक्क हिरावून घेतला, तर नागरिकाने त्याच्यावर थेट दिवाणी दावा लावावा. आज तो कायदा त्यांच्या संहितेतील 'कलम १९८३' म्हणून ओळखला जातो. १९६१ साली शिकागोच्या पोलिसांविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमात नवे चैतन्य आणले. आणि १९७८ साली असे ठरले की, चूक नगरपालिकेच्या धोरणातून किंवा रूढीतून घडली असेल, तर खुद्द नगरपालिकाही जबाबदार धरता येते. 'रूढी' हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा.

ज्या कलमाचा जन्म गुलामगिरीच्या अवशेषांशी झगडताना झाला, ते कलम एका विवाहित स्त्रीने हाती घेतले. कनेक्टिकट राज्यात टोरिंग्टन नावाचे एक लहान शहर आहे. तेथील ट्रेसी थर्मन ही तरुणी पतीच्या मारहाणीला कंटाळून वेगळी राहत होती. १९८२ च्या ऑक्टोबरपासून तिने पोलिसांकडे वारंवार तक्रारी केल्या. नोव्हेंबरात तर ती मोटारीत बसली असता पती बाहेरून धमक्या देत राहिला आणि रस्त्यावरचा शिपाई पाहत उभा राहिला. मोटारीची काच फुटली तेव्हाच त्याने हात घातला. न्यायालयाने पतीस तिच्यापासून दूर राहण्याची अट घातली, पुढे १९८३ च्या मे महिन्यात मनाई हुकूमही दिला. हुकूम कागदावर राहिला. अट मोडली म्हणून ती ठाण्यात जाई, आणि ठाण्यातून तिला निरनिराळ्या सबबींवर परत पाठविले जाई.

१० जून १९८३ रोजी पती तिच्या दाराशी आला. तिने पोलिसांना दूरध्वनी केला. सुमारे पंचवीस मिनिटांनी एक शिपाई येऊन पोहोचला, तोवर पतीने तिच्या छातीवर, मानेवर आणि गळ्यावर चाकूचे वार केले होते. शिपायाच्या देखत त्या माणसाने जमिनीवर पडलेल्या पत्नीच्या डोक्यात लाथ मारली, घरात जाऊन त्यांचे लहान मूल आणले, ते जखमी आईच्या अंगावर टाकले आणि पुन्हा लाथ मारली. आणखी पोलीस आले, तरी तो गर्दीत मोकळा फिरत होता. तिला स्ट्रेचरवर ठेवल्यावर तो पुन्हा तिच्याकडे धावला, तेव्हा कोठे त्याला अटक झाली. ट्रेसी वाचली; परंतु शरीराचा काही भाग कायमचा लुळा पडला.

तिने शहरावर आणि पोलिसांवर दावा लावला. तिचे म्हणणे साधे होते : अनोळखी माणसाने वार केले असते तर पोलिसांनी जे केले असते, ते माझ्या बाबतीत केले नाही, कारण मारणारा माझा नवरा होता. मारहाण घरातली असली की हात आखडता घ्यायचा, ही या ठाण्याची रूढीच आहे, आणि समान संरक्षणाच्या वचनाचा तो भंग आहे. शहराने दावा फेटाळण्याची विनंती केली. १९८४ साली संघीय जिल्हा न्यायालयाने ती मुख्यतः अमान्य केली आणि निर्णयात दोन गोष्टी सांगितल्या. पती झाल्याने पुरुषाला स्त्रीला इजा करण्याचा परवाना मिळत नाही. आणि मारणारा व मार खाणारी विवाहबंधनात आहेत एवढ्याच कारणाने पोलिसाला अटक टाळता येत नाही. १९८५ साली ज्यूरीने तिला २३ लाख डॉलरांची भरपाई मंजूर केली. पुढे १९ लाखांवर तडजोड झाली. १९८६ साली कनेक्टिकटने कायदाच केला की, घरगुती हिंसेचा सबळ पुरावा दिसल्यास पोलिसाने अटक केलीच पाहिजे.

त्याच सुमारास मिनिआपोलिस शहरात एक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. किरकोळ मारहाणीच्या प्रकरणांत काही पतींना अटक करण्यात आली, काहींना नुसती समज देण्यात आली, काहींना काही तास घराबाहेर पाठविण्यात आले. पोलिसांच्या दप्तरानुसार पुढील सहा महिन्यांत अटक झालेल्यांपैकी सुमारे १०, समज दिलेल्यांपैकी १९ आणि बाहेर पाठविलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी पुन्हा हात उगारला. या आकड्यांचा फार गवगवा झाला. नंतर इतर शहरांत तोच प्रयोग केला असता फळ सर्वत्र सारखे आले नाही. बेकार पुरुषांच्या बाबतीत काही ठिकाणी अटकेनंतर मारहाण वाढलेली दिसली. तेव्हा बेडी हा सर्व रोगांवरचा रामबाण उपाय आहे, असे आमचेही म्हणणे नाही.

सक्तीच्या अटकेतून एक नवा अन्यायही उपजला. पोलीस घरात येत, दोघांच्याही अंगावर ओरखडे पाहत आणि दोघांनाही धरून नेत. स्वतःला वाचविताना नवऱ्याला नख लागले म्हणून बायकोच्याही हातात बेडी! खुद्द कनेक्टिकटमध्ये हे इतके वाढले की, १९८६ च्या कायद्यानंतर बत्तीस वर्षांनी, २०१८ साली, विधिमंडळाला तो सुधारावा लागला. खरा आक्रमक कोण हे पोलिसाने पारखावे आणि अटक त्यालाच करावी, असा नियम २०१९ च्या आरंभापासून तेथे लागू झाला.

दुसऱ्या बाजूने, ट्रेसीला मिळालेला न्याय सर्वांच्या वाट्याला आला नाही. १९९९ च्या जूनमध्ये कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक गावी मनाई हुकूम असलेल्या एका पित्याने आपल्या तीन मुलींना पळवून नेले. आई संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत पोलिसांच्या विनवण्या करीत राहिली, आणि तिला थांबायला सांगण्यात आले. पहाटे तो पिता ठाण्यावर गोळीबार करीत आला आणि मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह सापडले. आईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला. मनाई हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेणे हा तिचा घटनासंरक्षित हक्क ठरत नाही, असे बहुमताने म्हटले. २०११ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने अमेरिकेने तिच्या हक्कांचा भंग केल्याचा निर्वाळा दिला. परंतु न्यायालयाचा निकाल त्यामुळे बदलला नाही. न्यायाची वाट त्या श्रीमंत देशातही निष्कंटक नाही, हे यावरून दिसते.

आता त्या गृहस्थांच्या पत्राकडे वळू. अमेरिकेत अन्यायाने अटक झालेल्या पुरुषालाही कलम १९८३ तितकेच खुले आहे. परंतु त्याला हे सिद्ध करावे लागते की, अटकेच्या क्षणी पोलिसापाशी गुन्ह्याचा संशय घेण्यास वाजवी कारणच नव्हते. पुढे खटला मागे घेतला गेला, एवढ्यावरून अटक बेकायदा ठरत नाही. आणि हक्क पूर्वीच स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नसेल, तर अधिकाऱ्याला भरपाईपासून संरक्षणही मिळते. न्यू जर्सीच्या १९९१ च्या कायद्याप्रमाणे पीडित व्यक्तीच्या अंगावर इजेच्या खुणा दिसल्या आणि गुन्हा घडल्याचे वाजवी कारण असले, तर अटक करणे पोलिसावर बंधनकारक आहे. सूनबाईंच्या गालावर वळ होता, हे गृहस्थांनी स्वतःच लिहिले आहे.

"पण ती नको म्हणत होती ना!" असे कोणी विचारील. त्या परमुलखात तिचा मुक्काम पुष्कळदा पतीच्या व्हिसावर अवलंबून असतो. घरगुती हिंसेची शिक्षा झालेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याची तरतूद तेथे १९९६ पासून आहे. जवळ माहेर नाही, हाती पैसा असेलच असे नाही. अशा स्त्रीच्या 'नको' मध्ये प्रेम किती आणि भय किती, हे दाराशी आलेल्या शिपायाने कसे ओळखावे? म्हणून कायद्याने तो निर्णय तिच्या शिरावरून काढून शिपायाच्या शिरावर ठेवला. नवरा घरी परतल्यावर 'तूच मला पकडून दिलेस' असे त्याने तिला म्हणू नये, एवढी तजवीज त्यात आहे. आम्ही त्या गृहस्थांना उलट टपाली कळविले की, दाव्याचा विचार मागाहून करावा. प्रथम चिरंजिवांसाठी फौजदारी काम जाणणारा वकील पाहावा, आणि सूनबाईंवर तक्रार मागे घेण्यासाठी नातेवाइकांकरवी दबाव मुळीच आणू नये. मनाई हुकूम झाला असेल तर असा निरोपदेखील त्याचा भंग ठरू शकतो.

आपल्या देशातही कायद्याने हेच दोन काठ पाहिले आहेत. विवाहितेच्या छळाबद्दल भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम घातले गेले ते १९८३ सालीच. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे. पुढे या कलमाखाली चौकशीवाचून सरसकट अटका होतात, वृद्ध सासूसासरे आणि दूरच्या नणंदाही गोवल्या जातात, अशी ओरड झाली. २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होता कामा नये. ती का आवश्यक आहे हे पोलिसाने लिहून ठेवावे, आणि न पाळल्यास त्याच्यावर खातेनिहाय कारवाई व न्यायालयाच्या बेअदबीची कारवाई व्हावी. पुष्कळांनी याचा अर्थ 'आता तक्रारच घेऊ नये' असा लावला. तो साफ चुकीचा आहे. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने सांगितले आहे की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वैवाहिक तंट्यात थोड्या मुदतीची प्राथमिक चौकशी करता येईल, एवढीच सवलत आहे.

म्हणून त्या माउलीला आमचे उत्तर असे : ठाण्याने तक्रार नोंदविली नाही तर ती लेखी करून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायालयात जाऊन संरक्षणाचा, निवाऱ्याचा आणि निर्वाहाचा हुकूम मागता येतो. मुंबईत पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ साली सुरू झाला, आणि असे कक्ष नंतर राज्यात अन्यत्रही निघाले. पोलिसांच्या अन्यायाबद्दल भरपाई मागण्याची वाटही आपल्याकडे बंद नाही. १९८३ च्या रुदुल शाह खटल्यात निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडून भरपाई देवविली, आणि तेव्हापासून मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल भरपाईचे तत्त्व रुजत गेले.

सभ्य स्त्रीपुरुषहो, या सर्व निकालांतून आम्ही एकच तत्त्व घेतो. पोलिसाने दाराशी येऊन 'ही याची कोण?' हा प्रश्न आधी विचारू नये. 'येथे काय घडले, इजा कोणाला झाली, पुरावा काय?' हे विचारावे. टोरिंग्टनच्या शिपायाने नाते पाहिले आणि पुरावा पाहिला नाही. चौकशीवाचून साऱ्या घराला बेड्या घालणाराही नाते पाहतो, पुरावा पाहत नाही. दोन्ही चुकांचे मूळ एक आहे. म्हणूनच अटक न करणाऱ्या आणि विनाकारण अटक करणाऱ्या, अशा दोन्ही पोलिसांना न्यायालयात खेचण्याचा हक्क आपण सारखाच मोलाचा मानला पाहिजे.

आता शेवटचे आणि सर्वांत कठीण बोलणे. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या समेट समितीपुढे एक मुलगी वडिलांसह आली होती. आम्ही त्या समितीत होतो. तीन संध्याकाळी बैठका झाल्या. चहा झाला, दोन्ही घरांच्या अब्रूचा विचार झाला, मुलीला सहनशीलतेच्या चार गोष्टी सांगण्यात आल्या, आणि नारळ देऊन, ओटी भरून तिला सासरी पोहोचविण्यात आले. त्या तीन संध्याकाळी 'बाळ, तो तुला मारतो का?' हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. चार महिन्यांनी ती माहेरी परतली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. समितीच्या वहीत मात्र ते प्रकरण 'यशस्वी' या सदरात नोंदलेले आहे. टोरिंग्टनचा शिपाई हाताची घडी घालून उभा राहिला म्हणून आपण त्याला दोष देतो. आम्हीही तेच केले. आमच्या अंगावर गणवेश नव्हता, इतकाच काय तो फरक. आणि त्या अमेरिकन न्यायालयात जिचा हिशेब मागितला गेला ती 'रूढी' आमच्याही वहीत लिहिलेली आहे.

समेट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रुसवेफुगवे, देण्याघेण्याचे गैरसमज, स्वभावातील अंतर मिटविण्यात वडीलधाऱ्यांचा शब्द आजही उपयोगी पडतो. परंतु जेथे हात उगारला गेला तेथे पंचांचे काम संपते आणि कायद्याचे सुरू होते. पोलिसांत गेल्याबद्दल एखाद्या घराला वाळीत टाकण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच ठरले असते.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवीत आहो. समेट समितीत निदान निम्म्या भगिनी असाव्यात आणि मुलीशी पहिले बोलणे त्यांनी एकांतात करावे. मारहाण झाल्याचे कळताच समेटाचे काम थांबवून, तिची इच्छा असल्यास, समितीच्या दोन सभासदांनी तिच्यासोबत दवाखान्यात आणि ठाण्यात जावे, व तक्रारीची नक्कल हाती आल्यावाचून परतू नये. शिष्यवृत्ती निधीच्या धर्तीवर कायदेविषयक साहाय्याचा एक लहान निधी उभारावा. त्यातून छळलेल्या लेकीला जशी मदत मिळेल, तशीच पुराव्यावाचून गोवल्या गेलेल्या निरपराध मुलाला किंवा वृद्ध सासूलाही मिळावी. आणि समितीच्या वहीतील 'यशस्वी' हे सदर काढून टाकून त्या जागी 'सहा महिन्यांनंतर मुलीची विचारपूस' हे सदर घालावे.

त्या माउलीचे पत्र अद्याप 'पुढील बैठकीत विचारार्थ' पडून आहे. पुढील बैठक येत्या रविवारी आहे. पत्र पहिल्या क्रमांकावर घ्यावे, अशी अध्यक्षमहाराजांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.